निळ्या खुणेचं टूल

ईशान, परवा तू व्हिडिओ कॉलवर तुझ्या मशीनचा तो छोटा कटर कॅमेऱ्यासमोर धरलास आणि वैतागून म्हणालास, "आजी, बघ ना, सगळं ॲल्युमिनियम याच्यातच अडकून बसलंय," तेव्हा मागून तुझी आई हसली. आजीला काय दाखवतोस, असं तिला म्हणायचं असावं. मी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "दात किती आहेत त्याला? चार? मग दोन दातांचा घे. कीस बाहेर पडायला वाट नको का? वर कसला थर दिलेला नको, नुसता चकचकीत, आणि धार अशी की बोट लावायची भीती वाटेल. कापताना ब्रशनं जरासं घासलेट लाव, पण बाबा शेजारी असतानाच."  मग तुझ्या बहिणीनं, रेवानं विचारलं, "घासलेट म्हणजे काय? आणि आजी, तू तर इंग्लिश शिकवायचीस ना?" हो, इंग्लिशच शिकवायचे. पण ॲल्युमिनियम कशानं कापावं हे मी त्याआधी शिकले, आणि ते शिकताना एका माणसाला फार दुखवलं. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या. मध्ये पानं गाळू देऊ नका.

गुजराती मुलखात, रावपुऱ्यातल्या आमच्या घरात वर आम्ही राहायचो आणि खाली नानांचं वर्कशॉप होतं. नाना म्हणजे माझे वडील, तुमचे पणजोबा. वर्कशॉप म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत कापणारे दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि रस्त्याकडे उघडणारं पत्र्याचं दार. मोठा लेथ सुरू झाला की आईच्या फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. त्या आवाजावर आमचा दिवस चालायचा. सकाळी आठला वाट्या वाजल्या की मी कॉलेजची वेणी घालायला बसायची, दुपारी साडेबाराला थांबल्या की आई ताटं मांडायची. आवाजात जरा फरक पडला तरी आई हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणायची, "आज खाली काहीतरी बिनसलंय." तिला मशीनमधलं अक्षरही कळत नव्हतं, पण वाट्या कशा वाजायला हव्यात ते ठाऊक होतं.

मोठा लेथ कांतिकाका चालवायचे. नाना आणि ते पूर्वी एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर होते. नानांनी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा कांतिकाका त्यांच्याबरोबर आले. वयानं ते नानांपेक्षा मोठे, तरी नाना त्यांना 'कांती' म्हणत आणि ते नानांना 'नानासाहेब'. गुजराती मराठीत कालवून बोलायचे. मला 'प्रोफेसरबेन' म्हणून हाक मारायचे, मी अजून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तरी. त्यांना वाचता येत नव्हतं. ड्रॉइंगवरचे आकडे समजायचे, पण अक्षरं नाहीत. त्यांची टूलं त्यांची स्वतःची होती. ग्राइंडरवर हातानं धार काढलेली, मग तेलाच्या दगडावर इतकी घासलेली की खिडकीचा उजेड त्यांत दिसावा. एका जाड कापडी पिशवीत, प्रत्येकाला वेगळा कप्पा. कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

नानांना मात्र नवं हवं असायचं. त्यांच्या घरात तीन पिढ्या संस्थानच्या फौजेत गेलेल्या. त्यांच्या पणजोबांची तलवार अजून भिंतीवर होती आणि आमच्या वाट्याला फक्त तिचं पूजन आलं होतं. आपण मागे पडलेल्या लोकांतले, ही टोचणी नानांना कायम असायची. दुकानदाराकडे काही नवीन आलं की ते हातात घेऊन बघत उभे राहायचे. त्या वर्षी नवरात्राच्या आधी नंदेसरीच्या एका रसायनाच्या कारखान्यातून काम आलं. तिथल्या थोरल्या पंख्यांच्या मधोमध बसणारे ॲल्युमिनियमचे गोल तुकडे. त्यांना हब म्हणायचे. बाहेरून साधं काम, पण आतलं भोक अगदी मापात आणि आरशासारखं गुळगुळीत हवं. कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता आणि दसऱ्याला दुपारी सुरू व्हायचा होता. हब दोन हवे होते. त्यांनी ओतीव तुकडे चार पाठवले, म्हणजे दोन बिघडले तरी चालतील. हे काम नीट झालं तर पुढचं सगळं आपल्याकडे, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. नानांनी त्या दिवशी आईला दोनदा चहा करायला लावला आणि दोन्ही वेळा अर्धा टाकला.

दुसऱ्याच दिवशी ते कार्बाइडची नवी टूलं घेऊन आले. पोलादी दांड्याच्या टोकाला राखाडी, काचेसारखा कडक तुकडा जोडलेला आणि दांड्यावर निळ्या रंगाची खूण. त्यांच्याबरोबर एक इंग्रजी घडीपत्रक होतं. मी जिन्यात होते. खाली माझी मैत्रीण मृदुला सायकलची घंटी वाजवत उभी होती. सयाजीगंजला कॉलेजमध्ये वादविवाद स्पर्धेची तालीम होती आणि मला बोलायचं होतं पहिलं. "कुमुद, हे जरा वाच," नाना म्हणाले. मी पहिलं पान भराभर वाचून सांगितलं. जास्त वेग, जास्त टिकाऊ, पुन्हा पुन्हा धार काढायला नको. नानांचा चेहरा खुलला. "आणि ॲल्युमिनियमचं काही लिहिलंय?" मी पान उलटलं. मागे बारीक अक्षरांत एक तक्ता होता, रकानेच रकाने. खालून घंटी पुन्हा वाजली. तक्त्यात कुठेतरी मला 'ॲल्युमिनियम' हा शब्द दिसला. मी म्हटलं, "हो, आहे. ॲल्युमिनियम आहे." आणि घडी त्यांच्या हातात देऊन पळाले.

कांतिकाका तिथेच हात पुसत उभे होते. जिन्यावरून उतरताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "आ टूल स्टीलनुं छे, नानासाहेब. ॲल्युमिनियम चोंटशे." टूल पोलादासाठीचं आहे, ॲल्युमिनियम चिकटेल, असं ते म्हणत होते. आणि नानांचं उत्तरही ऐकलं, "कुमुदनं वाचलंय, कांती. छापलेलं आहे ते." मला तेव्हा अभिमान वाटला, हे लपवत नाही. स्पर्धेत मी पहिली आले. विषय काय होता, आता आठवत नाही.

ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून कापायला सोपं असेल असं वाटतं. ते मऊ आहे, पण चिकट आहे. कापताना तापलं की टूलच्या धारेवर जाऊन बसतं, थरावर थर चढतो, आणि मग धार कापत नाही, तो चढलेला गोळाच ओरबाडत जातो. पोलादासाठी केलेल्या टूलची धार थोडी बोथट आणि तोंड सपाट ठेवतात, कारण पोलादाचा मार सोसायचा असतो. ॲल्युमिनियमला नेमकं उलटं हवं. धार सुरीसारखी, तोंडाला मागे भरपूर उतार, म्हणजे निघालेला कीस थांबत नाही, घसरून जातो. हे सगळं मी आज इतक्या शांतपणे लिहिते आहे. त्या आठवड्यात मला यातलं काहीच कळत नव्हतं. मला फक्त वाट्या ऐकू येत होत्या.

त्या किणकिणत नव्हत्या, थडथडत होत्या. मध्येच खालून एक किंचाळी यायची आणि मशीन थांबायचं. घटाला माळ चढवताना आईचा हात थबकायचा. तिसऱ्या माळेच्या दिवशी पहिला हब गेला. आतल्या भिंतीवर नखांनी ओरखडल्यासारख्या रेघा, आणि त्या काढायला जावं तर भोक मोठं. कापलेलं परत जोडता येत नाही. नाना म्हणाले, वेग कमी कर. कांतिकाकांनी कमी केला, आणखीच चिकटलं. मग नाना म्हणाले, वेग वाढव. तेही केलं. मी वर पुस्तक उघडून बसायची, तीच ओळ चारदा वाचायची आणि उठून जिन्याच्या तोंडाशी जायची. एकदा उतरून दारात उभी राहिले. कांतिकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पितळी ब्रशनं टूलच्या टोकाला चिकटलेलं ॲल्युमिनियम खरवडत राहिले. मला विचारावंसं वाटलं, काका, तो कागद कुठे आहे? विचारलं नाही. पत्रकात 'ॲल्युमिनियम' हा शब्द होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.  तरी जेवायला बसले की घास फिरायचा. आई म्हणाली, "परीक्षा आहे का ग?" मी म्हटलं, हो.

अष्टमीच्या दुपारी दुसरा हब गेला. मशीन थांबलं, आणि त्या शांततेत नानांचा आवाज वरपर्यंत स्पष्ट आला. "तुझा हात म्हातारा झाला, कांती." एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आईनं गॅस बंद केला. मी जिन्यात बसले होते, तिथून मला कांतिकाकांची पाठ दिसत होती. ती हलली नाही. मग त्यांनी दर वर्षीप्रमाणे आपली सगळी टूलं घासलेटनं धुतली, कोरड्या फडक्यानं पुसली, आणि खंडेनवमीसाठी नानांनी लेथच्या पाटावर अंथरलेल्या लाल कापडावर एकेक करून मांडली. आमच्याकडे अष्टमीला संध्याकाळी हत्यारं मांडायची, नवमीला पूजा, आणि दसऱ्याला दुपारी मुहूर्तावर उत्तरपूजा झाल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. तलवारीच्या काळापासूनचा नियम. कांतिकाका तो पाळायचे. शेवटचं टूल ठेवून ते म्हणाले, "दसऱ्याला येऊन घेऊन जाईन. बधां. सगळी." आणि निरोप घेताना पहिल्यांदाच म्हणाले, "आवजो, शेठ." शेठ. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसानं नानांना शेठ म्हटलं, हे आईनं वरून ऐकलं आणि ती माझ्याशेजारी पायरीवरच बसली.

नवमीला सकाळी नानांनी सोवळ्यानं पूजा केली. तलवार मध्ये, तिच्या एका बाजूला कांतिकाकांची टूलं, दुसऱ्या बाजूला नवी निळ्या खुणेची. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. नव्या टूलांच्या डब्याखाली नानांनी ते इंग्रजी पत्रकही घडी घालून ठेवलं होतं. छापील कागदाला त्यांच्या लेखी पोथीचाच मान. दोन कोरे हब कोपऱ्यात गोणपाटावर पडले होते. "उद्या साहेब आले की हे दोन परत देऊन टाकू," नाना आईला म्हणाले. "जमलं नाही म्हणून सांगेन." नानांना लेथ येत होता, पण आतलं भोक इतक्या नेमक्या मापात कापणं कांतिकाकांचंच काम होतं, आणि तेच कांतिकाका आता त्यांच्यासाठी म्हातारे झाले होते.  आई पुरण वाटायला वर गेली. नाना अंघोळीचे कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

मी एकटी खाली होते. उदबत्ती जळत होती. मी डबा उचलला आणि पूजेतला कागद काढला. घाईत हळदीची वाटी कलंडली. उभ्या उभ्याच तक्ता वाचला, पहिल्या रकान्यापासून. निळी खूण: पोलाद. पिवळी खूण: दोन्हींच्या मधले धातू. लाल खूण: ओतीव लोखंड, पितळ, तांबं, ॲल्युमिनियम. आणि लालच्या पुढे आणखी बारीक अक्षरांत, ॲल्युमिनियमसाठी टूलच्या तोंडाला जास्त उतार द्यावा, धार दगडावर घासून चकचकीत करावी, घासलेट वापरावं. कांतिकाका जे बोलले होते, जे बोलूही शकले नव्हते, ते सगळं तिथे छापलेलं होतं. आणि मी ते हातात धरून, तिकडे न बघता, 'हो, आहे' म्हटलं होतं. शब्द खरा होता. फक्त तो ज्या ओळीत होता, ती ओळ मी पाहिली नव्हती. माझ्या बोटांचे हळदीचे ठसे कागदावर उमटले होते. मला पहिला विचार काय आला, सांगू? की कागद परत डब्याखाली ठेवावा. उद्या दुपारी हब परत जातील, कांतिकाका पिशवी भरून जातील, आणि त्यानंतर कोणी हे पत्रक कधीच उघडणार नाही. त्या घरात दुसऱ्या कोणाला इंग्रजी वाचताच येत नव्हतं.

जेवताना नानांनी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं आणि मी म्हटलं, "नाना, ते टूल ॲल्युमिनियमचं नाही." सगळं सांगितलं. मृदुलाची घंटीसुद्धा सांगितली, जणू तिचाही दोष होता. नाना ताटाकडे बघत ऐकत होते. तूप पोळीवर थिजायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे कांतीनं सांगितलं होतं तेच?"

"हो."

"आणि मी त्याला काय बोललो, ते तू ऐकलंस?"

"हो."

त्यांनी हात धुतला. पोळी तशीच राहिली. खिडकीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू जा त्याच्याकडे. मी गेलो तर तो पाणी देईल, चहा देईल, हिंचक्यावर बसवेल आणि एक अक्षर बोलणार नाही. तुला बोलेल. बोलू दे."

कांतिकाका वाडी भागात राहायचे. भर दुपारी सायकल मारत गेले. चौकाचौकात गरब्याचे मांडव रिकामे पडले होते, कुठे कोणी माईक तपासत होतं, हॅलो हॅलो. दोनदा मी चुकीच्या गल्लीत वळले, वाट पाठ होती तरी. दाराशी पोचल्यावर वाटलं, ते घरी नसावेत. ते होते. ओट्यावर बसून शेजारणीच्या शिवणयंत्राचा शटल खोलत होते. मला पाहून म्हणाले, "आवो, प्रोफेसरबेन. शेठनी चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही, काका. मीच आलेय." आणि उभ्यानंच सांगून टाकलं. निळं, लाल, पोलाद, ॲल्युमिनियम. रडायचं नाही असं ठरवलं होतं. नाक गळायला लागलं.

त्यांनी शटल खाली ठेवला. "एटले कागदमां लख्युं'तुं? मी बोललो तेच?"

"तेच. घासलेटसुद्धा."

"अने तें वांच्युं नई."

"अर्धं वाचलं, काका."

"अर्धं!" ते आत बघून ओरडले, "सांभळ्युं? ऐकलंस? अर्धं वाचलं म्हणे!" आतून मंगूकाकी बाहेर आल्या, त्यांच्या पत्नी. कांतिकाका माझ्याकडे वळले. "मला वाचता येत नाही, तर मी विचारतो. चार जणांना विचारतो. तू कोणालाच नाय विचारलं. आणि नाना? त्याला पण माझ्या हातापेक्षा तुझा कागद खरा." आवाज आता उतरला होता, पण गळ्याची शीर दिसत होती. "त्या मशीनवर मी आवाज ऐकत होतो, बेन. टूल रडत होतं. मी शेठला म्हटलं, हे रडतंय. शेठ म्हणाला, वेग वाढव."

"माझ्यामुळे ते तुम्हाला तसं बोलले."

"ना, ना. ते तू नाय बोलली. ते त्याचं त्यानं बोललं." ते पुन्हा शटल उचलून त्यात दोरा शोधायला लागले. मंगूकाकींनी माझ्या हातावर गूळ-तुपाच्या सुखडीचा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "खा, बेटा. एमनो गुस्सो एवो ज छे, असाच." मी विचारलं, "काका, उद्या सकाळी याल?" ते म्हणाले, "माझी हत्यारं आहेत तिथे. येणार तर." त्याचा अर्थ काय लावायचा, ते मला कळलं नाही. घरी येईपर्यंत सुखडी मुठीत वितळली होती. नानांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "हत्यारं न्यायला येणार आहेत." त्या संध्याकाळी मी घरभर नुसती फिरत होते. दप्तर लावलं, मोडलं, पुन्हा लावलं. तुम्ही मला नीटनेटकी म्हणून चिडवता ना, माझ्या चमच्यांच्या खणावरून? अस्वस्थ असले की मी आवरत सुटते, ते तेव्हापासूनच.

दसऱ्याला सकाळी नाना स्वतः जाऊन फाफडा-जलेबी घेऊन आले. एक पुडा वर दिला आणि एक खालीच ठेवला, उघडला नाही. साडेआठला पत्र्याच्या दाराशी कांतिकाका उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला रिकामी कापडी पिशवी. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. "मारां हथियार लेवा आव्यो छुं, शेठ."

नाना म्हणाले, "मुहूर्त दुपारचा आहे."

"तो बेसुं छुं." आणि ते ओट्यावर बसले. साहेब एक वाजता येणार होते. आतलं भोक कापायला एका हबला तास-दीड तास तरी लागायचा. मी घड्याळाकडे बघत होते, आई जिन्यात उभी होती, आणि दोघेही पुरुष रस्त्याकडे बघत बसले होते, जणू मिरवणूक यायची होती. नानांनी घसा साफ केला. "कुमुदनं सांगितलं तुला?"

"सांगितलं."

"ॲल्युमिनियमचं टूल आहे तुझ्याकडे?"

"आहे. तिथे आहे." त्यांनी हनुवटीनं पूजेकडे दाखवलं. मग नानांकडे न बघता म्हणाले, "पण हाथ घरडो थयो छे, शेठ. चालशे?"

घरडो म्हणजे म्हातारा. नाना उठले. चपला काढल्या, लेथपाशी गेले, हात जोडले, आणि लाल कापडावरून कांतिकाकांचं आतून कापायचं टूल उचललं. त्याच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. आई ओरडलीच, "अहो! उत्तरपूजा व्हायचीय! मामंजी असते तर?"

"वडिलांचा नियम मला पाठ आहे," नाना म्हणाले. "वडिलांकडे लेथ नव्हता." दोन्ही हातांवर ते टूल धरून ते बाहेर आले आणि ओट्यापाशी उभे राहिले. कांतिकाकांनी लगेच घेतलं नाही. नानांचे हात तसेच पुढे होते, आणि रस्त्यानं जाणारा एक भाजीवाला थांबून बघायला लागला. मग कांतिकाका उठले, टूल घेतलं, अंगठ्यानं कुंकू पुसलं, धार उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "थोडी काढावी लागेल. आधी जलेबी काढ ती. गारठून जाईल."

ग्राइंडरवर त्यांनी टूलचं तोंड आणखी कललं घासलं, जवळजवळ सुरीसारखं. मग तेलाच्या दगडावर फिरवत राहिले, इतका वेळ की मला ओरडावंसं वाटलं. मध्येच मला बोलावलं. "ये, बेन. नख लाव. घसरतं का अडकतं? नख अडकलं तर कीस पण अडकेल." मी म्हटलं, घसरतं. "हं? नीट लाव." पुन्हा लावलं तेव्हा अगदी बारीक अडकलं. "मग? घसरतं काय म्हणतेस!" आणखी दहा मिनिटं घासलं. लेथवरची तलवार आणि बाकीची पूजा नानांनी एकट्यानं उचलून लाकडी पाटावर ठेवली. हब बांधला, मशीन सुरू झालं. माझ्या हातात घासलेटची वाटी आणि ब्रश दिला होता. टूल आत गेलं, आणि मी डोळे मिटून घेतले, किंचाळी येणार म्हणून. आली नाही. नवं लुगडं एका हिसक्यात फाडावं तसा एक सलग आवाज येत राहिला. डोळे उघडले तर भोकातून चांदीची लांब कुरळी फीत बाहेर पडत होती, न तुटता. वरून वाट्यांचा आवाज आला, आणि आई जिन्यातून म्हणाली, "हां. आता बरोबर."

बारा वाजून चाळीस मिनिटांनी दुसरा हब उतरला. एक वाजता कारखान्याची जीप आली. साहेब मद्रासकडचे होते, नुकतेच बदलून आलेले. इंग्रजी आणि मोडकं हिंदी. घाईत होते. त्यांनी आपलं मापाचं गेज भोकात घातलं. ते आवाज न करता सरकत गेलं. मग भोक उजेडाकडे धरून आत पाहिलं. "फाइन," ते नानांना म्हणाले. "आमच्या वर्कशॉपनं तीन तुकडे खराब केले. तुम्ही कोणतं टूल वापरलंत?"

नानांना प्रश्न कळला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मशीन पुसत असलेल्या माणसाकडे. "ते कांतिभाईंना विचारा," ते म्हणाले.

कांतिभाई. कांतिकाकांच्या हातातलं फडकं थांबलं. मी ते वाक्य साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि साहेब त्यांच्याकडे वळले. मग कांतिकाका बोलायला लागले, गुजरातीत, सावकाश, टूल हातात धरून. उतार किती आणि का. दगड कोणता. घासलेट कधी आणि किती, जास्त ओतलं तर काय होतं. आवाज कसा असावा. कीस तुटायला लागला तर थांबायचं, पुढे रेटायचं नाही. एक वाक्य ते बोलत आणि एक मी इंग्रजीत म्हणत असे. काही शब्द मला येत नव्हते, तेव्हा मी थांबून त्यांना विचारत होते, "काका, म्हणजे कसं? दाखवा," आणि ते दाखवत, आणि मी दिसेल तसं सांगत होते. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. म्हणाले, "ओके, ओके. थोडक्यात सांगितलं तरी चालेल."

"थोडक्यात नाही होणार, सर," मी म्हटलं. "अजून आहे."

शेवटी कांतिकाकांनी टूल फडक्यात गुंडाळलं. साहेबांनी विचारलं, "झालं?" मी काकांकडे पाहिलं. ते नानांकडे न बघता मला म्हणाले, "पूछ ने एमने, बीजा पीस क्यारे मोकलशे? आणि सांग, घाई नको. धार काढायला मला एक दिवस आधी मिळाला पाहिजे."

नाना एकदम वळले आणि आधीच पुसलेला लेथ पुन्हा पुसायला लागले. मी साहेबांना म्हटलं, "नाही, सर. त्यांचा एक प्रश्न राहिलाय. पुढचे तुकडे तुम्ही कधी पाठवणार, असं ते विचारताहेत."